पहाटे साडेचारचा शीळवाला

नाइट शिफ्ट संपवून घरी येताना कुणीतरी शीळ घालतं, तेव्हा आधी सणक जाते डोक्यात. मग कळतं, की ती शीळ आपल्यासाठी नाहीच! आमच्या बिल्डिंगमध्ये बिनभाड्याने राहणाऱ्या एका गायकाची आणि त्याच्यासाठी थांबलेल्या परांचीची ही गोष्ट.

पहाटेचे ४.३५. हिंजवडीहून निघालेली कॅब मला कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सोडते. डोळ्यांत झोप, डोक्यात क्लायंट, खांद्यावर लॅपटॉप. गेटपासून जिन्यापर्यंतचं अंतर जेमतेम चाळीस पावलांचं. त्यातली दहा झाली असतील-नसतील, तोच मागून शीळ आली. स्वच्छ, लांब, सुरात. आणि शेवटी एक झकास गिरकी.

रात्री-अपरात्री एकटी घरी येणारी कुठलीही मुलगी जे करेल, तेच मी केलं. किल्ल्या मुठीत आवळल्या, गर्रकन वळले आणि ओरडले, "कोण आहे रे तिकडे?"

तिकडे कुणीच नव्हतं. होते फक्त आमचे वॉचमन मामा, मफलर गुंडाळून खुर्चीत पेंगत बसलेले. ते बिचारे दचकून उभेच राहिले. तेवढ्यात परत शीळ. मामांनी मान वर करून गच्चीवरच्या टाकीकडे बोट दाखवलं.

"ताई, पाखरू हाय ते. दयाळ. रोज हाय त्याचं ह्या टायमाला. तुमास्नी आज ऐकू आलं."

तुमास्नी आज ऐकू आलं! खरं सांगते, त्या दिवशी मॅनेजरने दिलेल्या फीडबॅकपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. दोन वर्षं मी रोज पहाटे त्या चाळीस पावलांवरून चालत होते. कानात इअरफोन असायचे. त्या दिवशी बॅटरी संपली होती म्हणून काढलेले, एवढंच. म्हणजे माझ्याच घराच्या छतावर रोज लाइव्ह कॉन्सर्ट चालू होती, तीही फुकट, आणि मी आपली फोनवर पावसाच्या आवाजाची रेकॉर्डिंग लावून झोपायचा प्रयत्न करत होते!

काळा कोट, पांढरा शर्ट

घरात शिरले तर आई जागी. बाबा गेल्यापासून तिची झोप चारलाच मोडते. एरवी मी आले की दार उघडायचं, "जेवलीस का?" विचारायचं आणि मी "हो" म्हणून आत निघून जायचं, एवढाच आमचा संवाद. माझा दिवस संपायचा तेव्हा तिचा सुरू व्हायचा. एकाच छपराखाली राहून आम्ही दोघी वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये जगत होतो.

त्या दिवशी मात्र मी विचारलं, "आई, तो दयाळ कधीपासून गातोय गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी नोकरी सोडल्याचं सांगितलंय. मग म्हणाली, "अगं, गेली कित्येक वर्षं. तोच की त्याचा मुलगा, ते मला माहीत नाही. चहा टाकू?"

आम्ही चहा घेऊन बाल्कनीत बसलो. साडेपाच-पावणेसहाला उजाडायला लागलं तसा तो दिसला. आकाराने साधारण बुलबुलाएवढा. डोकं, छाती, पाठ झकपक काळी, उजेडात निळसर चमक मारणारी. पोट पांढरंशुभ्र. काळ्या पंखावर पांढरा पट्टा, शेपटीच्या कडा पांढऱ्या. आणि ती शेपटी म्हणजे काय ॲटिट्यूड! सारखी वर उचललेली. काळा कोट आणि पांढरा शर्ट घालून कोर्टात निघालेला तरुण वकीलच जणू.

बाबांच्या कपाटात मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' होता. कित्येक महिन्यांनी त्यावरची धूळ झटकली. मग नेटवर बसले. म्हटलं, एवढी वर्षं शेजारी राहतोय, निदान ओळख तरी करून घ्यावी.

शास्त्रीय नाव कॉप्सिकस सॉलारिस. इंग्रजीत ओरिएंटल मॅगपाय-रॉबिन. लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पूर्वी त्याला कस्तुरांच्या म्हणजे थ्रशच्या कुळात धरायचे. आता माशीमार पक्ष्यांच्या कुळात धरतात. आणि या कुळात आणखी कोण आहे माहितीय? युरोपातल्या कवींनी जिच्यावर टनावारी कविता केल्या ती नाइटिंगेल! म्हणजे आमच्या टाकीवर बसून गाणारा हा बाबा नाइटिंगेलचा नातेवाईक निघाला. आपण मात्र त्याला "कुठलातरी चिमणीसारखा पक्षी" म्हणून मोकळे होतो.

बांगलादेशात मात्र त्याची वट आहे. तिथे तो 'दोएल', चक्क राष्ट्रीय पक्षी. त्यांच्या जुन्या दोन टकांच्या नोटेवर त्याचं चित्र होतं आणि ढाका विद्यापीठाच्या परिसरातला एक चौक त्याच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे त्याच्या नावाचा चौक सोडा, त्याचं नावही बहुतेकांना ठाऊक नसतं.

साहेब फक्त सीझनमध्ये गातात

पुढच्या काही आठवड्यांत मी या साहेबांचं टाइमटेबल पाठ केलं. आई माझी को-ऑर्डिनेटर. मी झोपलेली असताना काय काय झालं, त्याचा रिपोर्ट संध्याकाळी मिळायचा. ऑफिसच्या स्टेटस मीटिंगपेक्षा शंभर पटींनी इंटरेस्टिंग!

दयाळ वर्षभर इथेच राहतो, पण गातो मात्र सीझनमध्ये. साधारण मार्च ते जुलै हा विणीचा हंगाम. पुण्यात थंडी ओसरू लागली की तो गळा साफ करायला लागतो. बाकीच्या महिन्यांत झुडपांमधून नुसता घोगरा 'च्यर्रर्र' असा आवाज, तोही कुणी फार जवळ गेलं तरच. म्हणून लोकांना वाटतं, की हा पक्षी उन्हाळ्यातच येतो. तो कुठेच गेलेला नसतो. तो फक्त गप्प असतो.

गाण्यासाठी त्याला उंच, उघडी जागा लागते. आमच्याकडे त्याच्या तीन फिक्स जागा : पाण्याच्या टाकीचा कठडा, सोलरचा पाइप आणि जांभळाच्या झाडाचा वाळका शेंडा. तिथून तो काय म्हणतो? दोन गोष्टी. एक, "ही जागा माझी, दुसऱ्या नराने इथे पाऊल टाकायचं नाही." दोन, "मी इथे आहे, आणि बघा काय गातोय." थोडक्यात, सातबारा आणि शादी डॉट कॉम, दोन्ही एकाच गाण्यात.

मधेच तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो. एकदा टाकीवरून शिंप्याचा आवाज आला म्हणून मी पाहिलं, तर हेच महाशय. गाणारे पक्षी आपलं गाणं लहानपणी मोठ्यांचं ऐकून शिकतात. आपल्यासारखा कंठ त्यांना नसतो. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे त्यांचं ध्वनियंत्र असतं. त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या चालवता येतात, त्यामुळे एकच पक्षी एकाच वेळी दोन स्वर काढू शकतो.

आणि मादी? ती करड्या-काळपट रंगाची. जिथे नर काळा, तिथे ती राखाडी. नराइतकी नजरेत भरत नाही, पण खरी मॅनेजर तीच. घरटं बांधण्याचं बहुतेक काम तिचं, अंडी उबवणं तर पूर्णपणे तिचं. साहेब टाकीवर बसून रियाज करतात आणि हद्दीवर गस्त घालतात. (या मुद्द्यावर आई काहीच बोलली नाही. फक्त बाबांच्या फोटोकडे बघून हसली.)

हद्दीच्या बाबतीत मात्र साहेब एकदम सीरियस. दुसरा नर दिसला की शेपटी पसरून, चोच वर करून, छाती फुगवून त्याच्या अंगावर जातात. स्वतःचं प्रतिबिंबही सोडत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या दादाच्या नव्या कारच्या आरशाला तो आठवडाभर टोचत होता. दादाला वाटायचं, कुणीतरी पोरं काचेवर घाण करतात. शेवटी त्याने दोन्ही आरशांना जुने पायमोजे घातले. सोसायटीतली सगळ्यात महाग गाडी पायमोजे घालून उभी!

ट्रॅफिकच्या आधी

पण तो पहाटे साडेचारलाच का गातो? आई म्हणाली, "त्याला काय ऑफिस नसतं." विज्ञानाची उत्तरं जरा वेगळी आहेत.

पहाटे हवा शांत असते, त्यामुळे आवाज नीट पोचतो. किडे दिसतील एवढा उजेड नसतो, म्हणजे खाण्याचं काम करता येत नाही. मग गाऊन घ्या. शिवाय रात्रभर उपाशी राहूनही ज्याच्या अंगात जोरात गाण्याइतका दम आहे, तो नर तगडा, असा निरोप मादीला आणि शेजाऱ्यांना जातो, असंही अभ्यासक मानतात.

शहरात यात आणखी एक व्हिलन येतो. आपला गोंगाट. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे गोंगाट जास्त, तिथले नर आपल्या गाण्यातले खालचे सूर टाळतात आणि वरच्या पट्टीत गातात, असं त्यात दिसलं. वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते ना! मग २००७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या रॉबिन पक्ष्यांचा अभ्यास आला. हा रॉबिनही दयाळच्याच कुळातला. रात्री रॉबिन गातात ते रस्त्यावरच्या दिव्यांमुळे, असं तोपर्यंत समजलं जायचं. अभ्यासात दिसलं, की दिव्यापेक्षाही दिवसाचा गोंगाट महत्त्वाचा. जिथे दिवसा फार आवाज, तिथले रॉबिन रात्री गातात.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. रात्रीचे दोन वाजले होते. समोर मॅगी होती. मनात म्हटलं, म्हणजे यांनीही नाइट शिफ्ट घेतली!

आणि आवाज कमी झाला तर? त्याचंही उत्तर आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सॅन फ्रान्सिस्को भागातले रस्ते शांत झाले, तेव्हा तिथल्या एका जातीच्या चिमण्यांनी आपला आवाज खाली आणला. तरीही त्यांचं गाणं आधीपेक्षा लांब पोचत होतं, आणि त्यातली कारागिरीही सुधारली होती. आठवून बघा, त्या एप्रिलमध्ये तुम्हीही कुणालातरी फोनवर म्हणाला असाल, "अरे, इथे किती पक्षी आहेत!" पक्षी तेवढेच होते. आपण गप्प बसलो होतो.

दयाळ ओळखायचा कसा?

नर : वर काळा, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा, शेपटी वर उचललेली.
मादी : काळ्याऐवजी करडी, बाकी डिझाइन तेच.
पिल्लू : छातीवर तांबूस-ठिपकेदार नक्षी, शेपटी तोकडी.
कुठे : बागा, जुन्या सोसायट्या, कॉलेजांची आवारं, दाट झाडं आणि खाली मोकळी माती असलेली कुठलीही जागा.
कधी : मार्च ते जुलै, पहाटे आणि संध्याकाळी. अंधार पडता पडताही तो जमिनीवर किडे टिपताना दिसतो.
खाणं : किडे, अळ्या, गोम, क्वचित छोटी पालसुद्धा. फुलांमधला मधही चाखतो. बिस्किटाचा चुरा नको!

आजींचा भाडेकरू

आता मूळ गोष्टीकडे येते. २०२४ ची धुळवड झाली आणि दुसऱ्या दिवशी आईने रिपोर्ट दिला : "मॅडम चोचीत गवत घेऊन फिरतायत."

दयाळ झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, कधी पाइपातही घरटं करतो. आमची बिल्डिंग १९८७ ची. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या बाथरूमबाहेर बीडाच्या जुन्या पाइपचा हातभर आडवा तुकडा आहे. आतून सिमेंटने बुजवलेला, बाहेरून तोंड उघडं. मॅडमनी तोच टू बीएचके पसंत केला. चार-पाच दिवस गवत, मुळं, कुणाच्यातरी कंगव्यातले केस असं सामान आत गेलं. मग तिचं बाहेर येणं कमी झालं. आम्ही ओळखलं, अंडी घातली असणार. चार किंवा पाच निळसर-हिरवट अंडी असतात, त्यावर तपकिरी ठिपके. आम्ही काही डोकावलो नाही. डोकावायचं नसतंच.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पाइपमधून बारीक चिवचिव ऐकू यायला लागली. आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली : बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम, सोमवार, २२ एप्रिलपासून. परांची मागच्या भिंतीपासून. उघडी भोकं व जुने पाइप बुजवण्यात येतील.

मागची भिंत म्हणजे तीच भिंत.

मी हिशेब केला. पिल्लं साधारण दोन आठवड्यांत घरट्याबाहेर पडतात. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ हवा. २१ तारखेच्या रविवारी मीटिंग होती. मी आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीच्या मीटिंगला गेले.

आणि पहिल्याच बॉलला आउट झाले. कारण मी सुरुवातच कायद्याने केली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात पक्ष्यांची अंडी, घरटी उद्ध्वस्त करणं हेही शिकारीतच धरलंय. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण अख्खी मीटिंग माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी सगळ्यांना अटक करायला आलेय. "म्हणजे आता पोलीस बोलावणार का तुम्ही?" कुणीतरी म्हणालं. दुसरं कुणी, "कबुतरांचा त्रास कमी होता का, त्यात हे?"

सेक्रेटरी काका चांगले माणूस आहेत, पण त्यांचीही बाजू होती. कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स दिलेला. जूनमध्ये पाऊस येणार. काम लांबलं तर वॉटरप्रूफिंग वाळायला वेळ मिळणार नाही. आणि गळत कुणाचं होतं? दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचंच. दोन पावसाळे त्यांच्या बाथरूमची भिंत ओली होती. बुरशी धरली होती. आजींना दमा आहे. या सगळ्या कामाची पहिली तक्रार त्यांचीच.

खरं सांगते, मी तिथेच ढिली पडले. दम्याच्या पेशंटला "पक्ष्यासाठी थांबा" कुठल्या तोंडाने सांगणार?

काका म्हणाले, "आजी, भिंत तुमची आहे. तुम्ही सांगाल तसं."

आजींनी चष्मा काढला, पदराने पुसला. "ते पाखरू माझ्याच पाइपात आलंय ना? मग तो माझा भाडेकरू झाला. बाळंतीण बाई घरात असताना कुणी भाडेकरूला बाहेर काढतं का? दोन पावसाळे काढले, पंधरा दिवसांनी माझी भिंत काही कोसळत नाही."

संपलं! कुणी काही बोललंच नाही. काकांनी वहीत लिहिलं : पुढच्या भिंतीपासून सुरुवात. मागच्या भिंतीला ५ मेपर्यंत हात लावायचा नाही. ६ मेला परांची. "सहा म्हणजे सहा हं," ते मला म्हणाले.

काउंटडाउन

त्यानंतरचे ११ दिवस मी कुठल्याही प्रॉडक्ट लाँचला घेतलं नाही एवढं टेन्शन घेतलं. नर-मादी दोघंही सारखी ये-जा करत होती. दर खेपेला चोचीत काहीतरी वळवळणारं. कुठून आणत होती? बिल्डिंगच्या मागे, जांभळाखाली, वाळक्या पानांचा जो थर साचतो ना, तिथून. मीच दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर मेसेज टाकला होता, "मागची घाण कधी साफ होणार?" ती घाण नव्हती. ते त्यांचं किचन होतं. पानं उलटी-पालटी करून दयाळ खालचे किडे टिपतो. पेव्हर ब्लॉकमध्ये किडे नसतात. चकाचक आवारात दयाळ गाईल कदाचित, पण पिल्लं जगवू शकणार नाही.

गुरुवार, २ मे. मी नेहमीप्रमाणे पहाटे आले. चहा झाला. सहाच्या सुमाराला पाइपाच्या तोंडाशी एक ठिपकेदार डोकं दिसलं. मग ते मागे गेलं. परत आलं. आई श्वास रोखून बसली होती. दहा मिनिटांनी त्या डोक्याने सरळ उडीच मारली आणि धडपडत आजींच्या कपडे वाळत घालायच्या दांडीवर आलं. मग दुसरं. ते कसंबसं जांभळावर पोचलं.

तिसरं खाली पडलं. आणि सोसायटीचा बोका नेमका तिथेच होता.

मी जिन्याकडे धावले. चार मजले. खाली पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नर आणि मादी दोघंही बोक्याच्या डोक्यावरून ओरडत झेपा घेत होते. मला रडू आलं. वॉचमन मामा म्हणाले, "ताई, ज्येची जितकी असती तितकीच जगत्यात." त्यांनी काठी आपटून बोक्याला हाकललं आणि दिवसभर त्या जांभळाखालून हलले नाहीत.

दोन वाचली. आठवडाभर आई-बापांच्या मागे तोंड वासून फिरताना ती दिसत होती. सहा मेला परांची लागली. पाइप बुजला. आजींची भिंत त्या पावसाळ्यात कोरडी राहिली.

गायक टिकवायचा असेल, तर...

१. सोसायटीच्या मागच्या बाजूला थोडी माती उघडी ठेवा, तिथली वाळकी पानं जाळू नका, झाडूही नका.
२. मार्च ते जुलैत झाडांची छाटणी, रंगकाम, भोकं बुजवणं टाळा. नाहीच जमलं, तर आधी आत कुणी नाही ना, हे लांबून बघा.
३. घरट्यात डोकावून फोटो काढू नका. रील्ससाठी तर नाहीच.
४. कीटकनाशकाची फवारणी बेतानेच. त्याचं जेवण आपण मारतो.
५. पिल्लू खाली पडलेलं दिसलं, तर घरी नेऊ नका. जवळच्या झुडपात ठेवा. आई-बाप जवळच असतात.
६. गातो छान म्हणून पाळायचा विचारही नको. पूर्वी गाण्यासाठी आणि झुंजींसाठी आपल्याकडे दयाळ पिंजऱ्यात ठेवत. आता तो गुन्हा आहे. सिंगापूरमध्ये एकेकाळी हा पक्षी सर्रास दिसायचा. १९७० च्या दशकापर्यंत तो जवळपास संपला होता. पिंजऱ्यासाठी होणारी चोरटी पकड हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.
७. दर फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो. भारत त्यात २०१३ पासून आहे. गच्चीवर पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसलेले पक्षी ई-बर्डवर नोंदवायचे. आवाज ओळखता येत नसेल, तर 'मर्लिन' नावाचं फुकट ॲप मदतीला आहे.

आणि आता...

पाइप बुजवल्यावर सेक्रेटरी काकांना काय वाटलं कुणास ठाऊक. त्यांनी आजींची जुनी लाकडी लेटरबॉक्स मागितली, तिला एक गोल भोक पाडलं आणि जांभळाला बांधली. २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही सगळे तिच्यावर नजर ठेवून. दयाळांनी दोनदा येऊन पाहिलीही. मग एका सकाळी साळुंक्यांनी कब्जा केला! काका जाम वैतागले. "अलॉटमेंट दुसऱ्याला, पझेशन तिसऱ्याला," म्हणाले. दयाळ जोडीने मीटर रूमच्या मागच्या भिंतीतलं भोक शोधलं. तिथे कुणाचं लक्षही गेलं नसतं. ग्रुपवर आधी मेसेज कुणी टाकला असेल? पायमोजेवाल्या दादाने. "मीटर रूममागे घरटं. कृपया तिकडे गाडी लावू नये."

मीही नाइट शिफ्ट सोडली. दिवसाच्या टीमची जागा निघाली, पगार थोडा कमी आहे. लोक विचारतात, का घेतलीस? मी सांगते, तब्येत. ते खरंच आहे. पण आणखी एक कारण आहे. जाग अजूनही साडेचारलाच येते, आईही जागी असते, आणि आता त्या वेळी आम्ही दोघी एकाच टाइम झोनमध्ये असतो. बाबांबद्दल आम्ही कधी बोलायचो नाही. आता बोलतो. अंधारात, चहा पिताना, टाकीवर तो गात असताना ते सोपं जातं.

सध्या आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची फाइल फिरतेय. मी विरोधात नाही. आईचे गुडघे आणि आमचा चौथा मजला बघता लिफ्ट हवीच. पण नकाशात मागची पट्टी पार्किंगखाली गेलीय आणि जांभळाच्या जागी 'रॅम्प' लिहिलंय. झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदा आहे. यावेळी मात्र मी मीटिंगमध्ये कायद्याने सुरुवात केली नाही. एवढंच विचारलं, की रॅम्प दुसऱ्या बाजूने घेता येईल का आणि मागे दहा फूट माती ठेवता येईल का. बिल्डरचा माणूस म्हणाला, "बघू मॅडम."

आजींनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. मला बरं वाटलं.

तुमच्याही बिल्डिंगवर कुणीतरी गात असेल. उद्या पहाटे एकदा अलार्मच्या आधी उठा. इअरफोन नको. चहा मात्र हवा.